विद्यापीठाचं अंगण घ्यावं की खोली? एडिंबरातले २०२१ चे दोन नमुने

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातले ऑगस्टचे पाचही मोठे महोत्सव कोविडमुळे रद्द झाल्याची घोषणा १ एप्रिल २०२० रोजी झाली. पुढच्या वर्षी त्यांतले दोन, संगीत-नाटकांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आणि पुस्तक महोत्सव, एडिंबरा विद्यापीठाच्या आवारात भरले, पण अगदी वेगवेगळ्या रीतीने. अशा काळात विद्यापीठाकडे जागा मागणाऱ्या आयोजकाने आणि ती देणाऱ्या कुलसचिवाने हे दोन्ही नमुने शेजारी ठेवून पाहावेत.

आंतरराष्ट्रीय महोत्सवाने विद्यापीठाच्या ओल्ड कॉलेज इमारतीतलं दगडी अंगण घेतलं. एरवी क्वीन्स हॉल या सभागृहात होणारं चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत, वर छत आणि बाजू उघड्या अशा तात्पुरत्या मांडवात झालं. कार्यक्रम छोटे, मध्यंतराशिवाय. मध्यंतर गाळलं की स्वच्छतागृहापाशी होणारी गर्दी टळते. हवा खेळती राहते, हा मोठा फायदा. पण आवाज त्याच उघड्या बाजूंनी निसटतो. मग ध्वनिवर्धक लावावे लागतात, आणि व्हायोलिनचा हळुवार स्वर त्यात थोडा मरतोच. शिवाय पाऊस छतावर वाजतो, दमट गारव्यात तारांचे सूर हलतात. मांडव, वीज, खुर्च्या हा खर्च एका हंगामात जिरतो. पुढच्या वर्षासाठी हाती काही उरत नाही.

पुस्तक महोत्सव १९८३ पासून शार्लट स्क्वेअरच्या बागेत तंबूंत भरायचा. २०२० मध्ये तो पूर्ण ऑनलाइन झाला आणि २०२१ मध्ये विद्यापीठाच्याच एडिंबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये आला: समोर मोजके श्रोते, बाकीचे पडद्यावर. बोलण्याच्या कार्यक्रमांना हे छान जमतं.

मात्र खोलीचं गणित निर्दय असतं. चौरस मांडणीत दोन मीटर अंतर ठेवलं तर माणशी ४ चौरस मीटर जागा लागते, एक मीटरला १. म्हणजे २०० चौरस मीटरमध्ये ५० माणसं किंवा २००, आणि त्यातूनही वाटा सोडायच्या. त्यात नियम मध्येच बदलतात: आंतरराष्ट्रीय महोत्सव ७ ऑगस्टला सुरू झाला आणि स्कॉटलंडमधले बहुतेक निर्बंध ९ तारखेला उठले. म्हणून तिकिटं टप्प्याटप्प्याने विकावीत.

प्रक्षेपण बहुधा तीन ठिकाणी अडतं. विद्यापीठाचं वायफाय ऐन वेळी दगा देतं. स्वतंत्र तारेची जोडणी आधीच मागून घ्यावी. पडद्यावरच्या पाहुण्याला त्याचाच आवाज परत गेला तर तो अडखळतो. त्याला पाठवायच्या ध्वनिमिश्रणातून त्याचा आवाज वगळावा. आणि थेट दाखवण्याची परवानगी म्हणजे ध्वनिचित्रफीत ठेवण्याची परवानगी नव्हे; दोन्ही वेगळ्या लिहून घ्याव्यात.

संगीत असेल आणि एकच वर्ष निभावायचं असेल तर अंगण बरं. बाकी सगळ्यांसाठी आमचा कौल खोलीला. पुस्तक महोत्सव २०२३ पर्यंत कॉलेज ऑफ आर्टमध्येच राहिला आणि २०२४ मध्ये गेला तोही विद्यापीठाच्याच एडिंबरा फ्यूचर्स इन्स्टिट्यूटमध्ये.

पुण्या-मुंबईत हा नमुना उचलताना एक अडचण आहे. तिकडे शिकवणी सप्टेंबरात सुरू होते, ऑगस्टात इमारती रिकाम्या असतात. आपल्याकडे ऑगस्टात वर्ग भरलेले. उरते दिवाळीची किंवा मेची सुट्टी, आणि संकटात परीक्षा लांबल्या की तीही जाते. तेव्हा करारात पर्यायी तारखा घालाव्यात, आणि मांडणी झाल्यावर विद्यापीठाने जागा परत मागितली तर तो खर्च कोणाचा, हेही लिहून घ्यावं.