सोलापूरचा माल कशात भरावा: कॅरेट, पुठ्ठ्याचा बॉक्स की लाकडी पेटी?

सांगोला-पंढरपूरचं डाळिंब, कासेगावची द्राक्षं, करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातली केळी, बार्शीचं सीताफळ आणि सगळीकडचा टोमॅटो. एवढा नाना तऱ्हेचा माल जिल्ह्याबाहेर पडतो, पण गटाच्या किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत प्रश्न एकच निघतो: "एकदाच चांगलं कॅरेट घेऊन टाकू. कुठलं घ्यायचं?" सगळ्याला एकच खोकं चालणार नाही, हे कुणालाही कळतं. पण नुसतं फळ बघून खोकं ठरवलं तरी पैसे वाया जातात. आधी दोन गोष्टी विचारा. खोकं परत येणार आहे का? आणि वाटेत त्यातून गार हवा कुणी खेळवणार आहे का? प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, भोकं, आकार हे सगळं त्यानंतर.

परत येणार का?

माल सोलापूरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात किंवा पंढरपूरच्या बाजारात जात असेल तर कॅरेटला तोड नाही. सकाळी उतरलं, लिलाव झाला, रिकामं त्याच गाडीत परत. पुणे किंवा वाशीला जात असेल तर ठरलेला आडत्या, ठरलेली गाडी आणि कॅरेटचं डिपॉझिट या तिन्ही गोष्टी जागेवर हव्यात. त्यातली एक जरी ढिली असली तरी तुमचं नवंकोरं कॅरेट जातं आणि कुणाचं तरी कड फुटलेलं परत येतं. म्हणून ऑर्डर देतानाच कंपनीचं नाव साच्यातून उठवून घ्यावं आणि रंग जरा वेगळा निवडावा. रंगानं लिहिलेलं नाव दोन धुण्यांत जातं.

लांबच्या बाजाराचं गणित निराळं. 28 डिसेंबर 2020 ला शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहूनच, पश्चिम बंगालमधल्या शालिमारपर्यंत. एवढ्या लांब गेलेलं कॅरेट परत आणायचं भाडं कोण देणार? तिथे पुठ्ठ्याचा बॉक्सच. निर्यातीतही तेच.

हिशेब असा करून बघा. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत, तुमच्या दुकानदाराचे भाव घालून पुन्हा मांडा. समजा 20 किलोचं कॅरेट 250 रुपयांना पडलं आणि दर फेरीला परतीचं भाडं व धुणं मिळून 10 रुपये लागले. दुसरीकडे 10 किलोचा बॉक्स 35 रुपयांना, म्हणजे 20 किलोला 70 रुपये. कॅरेट चौथ्या फेरीनंतर हरवलं तर फेरीला साडेबाहत्तर रुपये पडले, बॉक्स स्वस्त. पाच फेऱ्या टिकलं तर 60 रुपये, कॅरेट स्वस्त. पन्नास फेऱ्या टिकलं तर 15 रुपये, मग तुलनाच संपली. म्हणजे प्लास्टिक किती मजबूत यापेक्षा तुमची कॅरेटं कितव्या फेरीला गायब होतात, हा आकडा आधी वहीतून काढा. बहुतेक गटांकडे ही नोंदच नसते आणि चर्चा मात्र प्लास्टिकच्या जाडीवर तासभर चालते.

वजन कशावर बसतं?

थप्पी लावता येणारं खोकं म्हणजे ज्यात वरच्या खोक्याचं वजन खालच्याच्या भिंतीवर बसतं, फळावर नाही. वाक्य सोपं आहे, पण रोज मोडलं जातं ते शिगोशीग भरण्यामुळे. कॅरेटच्या कडेच्या वर टोमॅटो आला की वरचं कॅरेट कडेवर बसतच नाही, टोमॅटोवर बसतं. आठ कॅरेटांची थप्पी आणि भरलेलं एक 22 किलोचं धरलं तर सगळ्यात खालच्यावर सात गुणिले बावीस, म्हणजे 154 किलो येतात. ते कडेनं पेललं तर ठीक, फळानं पेललं तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला रस. उलट फार कमी भरलं तर फळं आत उड्या मारतात, एकमेकांवर घासतात आणि डाळिंबाच्या सालीवर तपकिरी चट्टे उठतात. माल कडेच्या बोटभर खाली राहील इतकाच भरायचा.

कॅरेट विकत घेताना एक परीक्षा दुकानातच करता येते. दोन कॅरेटं एकावर एक ठेवा आणि कडेच्या फटीतून वर्तमानपत्राचा कागद चारी बाजूंनी सरकवून बघा. एका बाजूला अडकतो आणि दुसऱ्या बाजूला आरपार जातो, तर साचा वाकडा आहे आणि वजन दोनच कोपऱ्यांवर येणार. मग आतून भोकांच्या कडांवर अंगठा फिरवा. साच्याच्या सांध्याचं उरलेलं धारदार प्लास्टिक नखाला लागलं तर ते द्राक्षाला आणि टोमॅटोला लागणारच. तिसरं म्हणजे तुमच्याकडे आधीपासून असलेलं एक जुनं कॅरेट सोबत न्या आणि नव्यावर बसवून बघा. बाहेरची मापं तीच असली तरी दोन कारखान्यांच्या कडांच्या खाचा जुळतीलच असं नाही, आणि मिसळलेली थप्पी पहिल्या वळणाला झुकते.

पुठ्ठ्याचं बळ वेगळ्या जागी असतं. बॉक्सचं बहुतेक वजन चार उभे कोपरे पेलतात, मधल्या भिंती फार थोडं. म्हणून बॉक्स कोपऱ्यावर कोपरा येईल असे सरळ उभ्या रांगेत लावायचे. हमालांना मात्र वीटबांधणीसारखं सांधा चुकवून रचायची सवय असते, कारण तशी थप्पी हलत नाही. पण तसं रचलं की खालच्याच्या कोपऱ्यावर वरच्याची कमकुवत भिंत येते आणि पेलण्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. थप्पी हलू नये म्हणून उभ्या कोपरपट्ट्या आणि पट्टा वापरा, रचना बदलू नका.

पुठ्ठ्याचा दुसरा शत्रू दमटपणा. डाळिंब साधारण 5 ते 7 अंश सेल्सिअसला आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतात. फळाला ही हवा मानवते, पण तीच पुठ्ठ्यात मुरते आणि बॉक्स कोरड्या वेळच्या निम्म्या ताकदीवर येतो, कधी त्याहूनही खाली. म्हणून बॉक्सवाल्याला "पाच प्लाय द्या" (म्हणजे पाच थरांचा पुठ्ठा) एवढंच सांगणं पुरत नाही. थप्पीत सर्वांत खालच्या बॉक्सवर किती किलो येणार ते काढा आणि त्याच्या तीन ते पाच पट दाब सहन करणारा बॉक्स मागा. गावातल्या गोदामात दोन दिवस ठेवायचा असेल तर तीन पट, जहाजानं जाणार असेल तर पाच पट. चांगला बॉक्सवाला दाबचाचणीचा आकडा देतो. जो देत नाही, तो पुठ्ठा वजनावर विकतोय असं समजा.

भोकं: जास्त म्हणजे चांगली नव्हेत

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. भोकांचं काम हवा जाऊ देणं, हवा आणणं नव्हे. प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल पाठवण्याआधी गार करायच्या, खोलीत पंखा गार हवा खेचत असतो, तिथे बाजूच्या भोकांमुळे माल काही तासांत गार होतो. द्राक्षाला हे फारच लागतं. पण एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना, उघड्या आयशरमध्ये, दुपारी निघालेल्या जाळीच्या कॅरेटमधून जाते ती लू. डाळिंबाची साल जाड दिसते, पण पाणी भराभर सोडते. वजन घटतं, साल कडक पडते आणि आडत्या "माल शिळा आहे" म्हणतो. मेथी-कोथिंबिरीचं तर बोलायलाच नको. अशा फेरीला भिंती अर्ध्या बंद आणि तळाला भोकं असलेलं कॅरेट बरं, किंवा जाळीच्याच कॅरेटला आतून ओलसर गोणपाट. त्याहून बरं म्हणजे संध्याकाळी भरून रात्री निघणं. वर ताडपत्री घालून चारी बाजू घट्ट आवळली तर फळांची स्वतःची ऊब थप्पीच्या मधोमध कोंडते, मग कॅरेटला कितीही भोकं असोत. ताडपत्री वर थोडी उचललेली आणि मागून उघडी ठेवा.

पुठ्ठ्याच्या बॉक्सला भोक पाडताना दुहेरी हिशेब असतो, प्रत्येक भोक हवा वाढवतं आणि ताकद घटवतं. बाजूच्या क्षेत्रफळाच्या सुमारे 5 टक्के भोकं हा जगभर वापरला जाणारा मध्यम मार्ग आहे. बारीक बारीक दहा भोकांपेक्षा मोठी दोन-तीन चांगली, कारण बारीक भोक एका पानानं किंवा कागदाच्या तुकड्यानं बुजतं. आडव्या खाचांपेक्षा उभ्या खाचा ताकद कमी खातात. कोपऱ्यापासून चार-पाच सेंटिमीटर तरी जागा कोरी सोडायची, कारण तोच बॉक्सचा खांब.

आता बारकाई. प्रीकूलिंगमध्ये हवा आडवी जाते, त्यामुळे बाजूची भोकं शेजारच्या बॉक्सच्या भोकांसमोर यायला हवीत. रेफर, म्हणजे गार ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये गार हवा तळातून वर येते, म्हणजे तिथे बॉक्सच्या तळाला आणि झाकणाला भोकं हवीत आणि तीही एकावर एक. निर्यातीच्या बॉक्सला म्हणूनच दोन्हीकडची भोकं लागतात. नुसती बाजूला भोकं असलेला देखणा बॉक्स कंटेनरमध्ये गेला की आतला माल गारच होत नाही. नमुना आला की पाच बॉक्स एकावर एक रचा आणि वरून टॉर्च मारून बघा, उजेड तळापर्यंत पोचला पाहिजे. द्राक्षाच्या बॉक्समध्ये आतली प्लास्टिक पिशवी असते, तिचीही भोकं बघा. बॉक्सला भोकं आणि पिशवी बंद, हा प्रकार दिसतो तितका दुर्मीळ नाही.

सरळ, एकात एक बसणारं की घडीचं?

सरळ भिंतीचं कॅरेट सगळ्यात स्वस्त आणि दणकट, आत जागाही पूर्ण. अडचण एकच, रिकामंही भरल्याइतकीच जागा खातं. एकात एक बसणारं कॅरेट परतीला खूप जागा वाचवतं, पण भिंती तिरक्या असल्यानं आतलं माप कमी होतं. शिवाय ते एका दिशेनं ठेवलं तर थप्पी लागते आणि फिरवून ठेवलं तर आत जातं. पहाटे अंधारात घाईनं रचणाऱ्या माणसाकडून एखादं उलटं पडलं की वरचं कॅरेट थेट खालच्या मालात बसतं. घेणारच असाल तर दोन टोकांना दोन रंग असलेलं घ्या, म्हणजे चूक लांबून दिसते.

घडीचं कॅरेट कागदावर सुरेख आहे. घडी केल्यावर जागा अगदी थोडी. पण बिजागऱ्या हा त्याचा दुबळा भाग. आपल्या काळ्या मातीचे कण तिथे अडकतात, धुणं किचकट होतं आणि जोरात आपटलं की कड निखळते. पुण्याच्या मॉलला रोज माल देणारा गट, स्वतःची गाडी, दोन्ही टोकांना आपली माणसं, एवढं असेल तरच घ्या. शेतातून बाजारात जाण्यासाठी मात्र घडीचं नकोच, असं माझं स्पष्ट मत.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर, डाळिंबवाल्यांनी तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या बागेतलं कॅरेट सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यानं धुतल्याशिवाय दुसऱ्या बागेत नेऊ नये. आतून गुळगुळीत भिंतीचं कॅरेट इथे कामी येतं. फार नक्षी आणि खाचा असलेल्याच्या कोपऱ्यात माती राहतेच.

लाकडी पेटीबद्दल थोडक्यात. खिळे, टोचणाऱ्या चिपा, पावसात भिजून वाढणारं वजन, न धुता येणं या सगळ्यामुळे ती मागे पडली आणि बरंच झालं. निर्यातीत जाड लाकडाला आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून शिक्का घ्यावा लागतो. पेटीला हे नकोच, पण बॉक्स ज्या लाकडी पॅलेटवर (फळ्यांच्या बैठकीवर) चढतात त्याला हा शिक्का आहे का ते जरूर बघा.

माप

बाजारात जे नेहमीचं भाजीचं कॅरेट दिसतं ते बाहेरून साधारण 540 गुणिले 360 मिलिमीटरचं. जगातली पॅकिंगची सोयीस्कर चौकट मात्र 600 गुणिले 400 ची आहे. 1200 गुणिले 1000 च्या पॅलेटवर अशी पाच खोकी एका थरात काठोकाठ बसतात. 540 गुणिले 360 ची बसतात पाचच, पण जवळपास पाचवा हिस्सा जागा रिकामी राहते आणि थप्पीला हलायला मोकळीक मिळते. माल पिकअपमध्ये हातानं चढत असेल तर याचं काहीच सुखदुःख नाही, नेहमीचं कॅरेट घ्या, जोडीला जोड मिळेल. पॅकहाऊस (माल निवडून भरायची जागा) उभारणार असाल तर पहिल्या दिवसापासून 600 गुणिले 400 किंवा त्याच्या निम्म्या, 400 गुणिले 300 च्या मापात जा. पुढे बदलायचं म्हटलं तर रॅकपासून ट्रॉलीपर्यंत सगळंच बदलावं लागतं.

मग कुणी काय घ्यावं?

स्थानिक टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची: सरळ जाळीचं कॅरेट, उन्हाळ्यात अर्धबंद. डाळिंब बागेतून पॅकहाऊसपर्यंत कॅरेटमध्येच, पण उथळ कॅरेटमध्ये, आणि तिथून पुढे बॉक्समध्ये. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली तर ते नाव बॉक्सवर छापता येतं, हा बॉक्सचा असा फायदा आहे जो कॅरेट देऊच शकत नाही. केळीच्या निर्यातीला दोन भागांचा, झाकण पूर्ण खालपर्यंत येणारा बॉक्स घ्या. दुहेरी भिंतीमुळे दमट कंटेनरमध्ये तोच टिकतो. द्राक्षाला उथळ बॉक्स, पाच किलोच्या पुढे मोह नको. कांद्याला यातलं काहीच नको, जाळीची गोणी पुरे.

सीताफळाचं मात्र मला अजून समाधानकारक उत्तर दिसत नाही. पिकू लागलं की दोन थरही त्याला जड होतात, आणि एका थराचं खोकं घेतलं तर गाडीभाड्यात नफा जातो. सध्या तरी एकाच थराचा, खाचांचा ट्रे असलेला बॉक्स आणि कडक असतानाच तोडणी, एवढंच सुचवेन. ऑर्डर मोठी द्यायच्या आधी पन्नास नग मागवा, ते भरून एकदा वाशीपर्यंत पाठवा आणि सगळ्यात खालच्या थरातले बॉक्स तिथे स्वतः उघडून बघा.