मालदांडी की चारा ज्वारी? दोन-तीन जनावरं असलेल्यांसाठी

सोलापूर, धाराशिव, बीडकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आधी विहिरीत डोकवावं. मार्चपर्यंत पाणी टिकत नसेल, तर माझं मत सरळ आहे: मालदांडी पेरा.

मालदांडी, म्हणजे एम ३५-१ ही रब्बी ज्वारी, जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर पेरणी, एकरी चार किलो बियाणं, दोन ओळींत दीड फूट. पीक चार महिन्यांचं. भाकरीचं काय सांगायचं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. पण हिशेब मांडताना लोक कडबा विसरतात. टंचाईच्या उन्हाळ्यात शेकडा पेंढ्यांचा भाव ऐका, मग दाणा आणि कडबा यात वरचढ कोण ते ठरवा. रान अगदी हलकं असेल तर मात्र मालदांडीचा हट्ट नको, फुले अनुराधा हा वाण बरा. भारी रानात फुले वसुधा.

खरी अडचण काढणीची. उपटायची, कणसं खुडायची, पेंढ्या बांधायच्या. एवढ्याला मजूर मिळत नाहीत. यंत्राने काढली तर कडब्याचा चुरा होतो.

चारा ज्वारीला ही कटकट नाही. रुचिरा किंवा फुले अमृता हा वाण पेरा, निम्मं पीक फुलोऱ्यात आलं की साधारण ६५-७० दिवसांत कापा. बियाणं मात्र एकरी १६ किलो, चौपट. थंडी तिला मानवत नाही. पेरणी जूनमध्ये, नाहीतर पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. सीओएफएस-२९ सारख्या वाणाच्या पुन्हा पुन्हा कापण्या मिळतात, पण त्याला पाणी आणि नत्र देत राहावं लागतं.

‘जूनला चारा, सप्टेंबरला मालदांडी, एकाच रानात दोन्ही’ असा सल्ला देणारे भेटतील. बागायतात ठीक. कोरडवाहूत चारा ती ओल पिऊन टाकतो, जिच्यावर रब्बी उभी राहायची असते.

हाताशी पाणी असेल, तर गोठ्यापुरता दहा-पंधरा गुंठे चारा आणि बाकी मालदांडी. मात्र चाऱ्याचा तुकडा गुरांच्या वाटेवर नको. कोवळ्या ज्वारीत, कापणीनंतरच्या नव्या फुटव्यांत आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकात सायनाइडचं विष तयार होतं. जनावर भरपेट खाऊन आलं तर डॉक्टर पोचेपर्यंत दम काढत नाही.