३५ एमएम, आठ महिने: लेन्स एकच, डिलीट भरपूर

दसऱ्याला घेतलेली, झूम नसलेली ३५ एमएम एफ १.८ लेन्स आठ महिन्यांत कॅमेऱ्यावरून उतरलेली नाही. माझ्या क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ती साधारण ५२ एमएमसारखी दिसते. जुनी १८-५५ झूम लेन्स भावाला देऊन टाकली. घरात राहिली असती तर परत लावली असती.

पहिला महिना चिडचिडीत गेला. कोल्हापुरात भवानी मंडपात कितीही मागं सरलो तरी कमान मावेना, आणि मागून कुणीतरी हॉर्न मारणारच. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर मात्र पैसे वसूल. पहाटे पणत्यांच्या उजेडात, ट्रायपॉड नसताना, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची क्षमता) १६०० वर भागलं. फक्त एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं असताना, दीड मीटरला वीतभरही खोली फोकसमध्ये राहत नाही. पणती धरली की मागचा चेहरा गेलाच.

सगळ्यात जास्त फोटो तालमीत काढले. पैलवान कुस्तीच्या मातीच्या हौद्यात, मी काठावर. झूम नाही, म्हणून घरी येऊन क्रॉप. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की ६ उरतात आणि नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, वर येतो. मोबाइलवर खपतं, १२ बाय १८ च्या प्रिंटवर नाही. आता कडेचं थोडंच छाटतो. त्याहून जास्त छाटावं लागलं, तर मी लांब उभा होतो एवढाच त्याचा अर्थ.

त्यातला एक प्रिंट कौतुकानं वस्तादांना नेऊन दिला. मातीचा लाल मी चांगलाच चढवला होता. त्यांनी चष्मा वर केला. "ही आमची माती न्हवं पोरा. कुंकू सांडलंय जणू." घरी येऊन सॅच्युरेशनचा (रंगाच्या गडदपणाचा) स्लायडर शून्यावर आणला. भिंतीवरची लोंबती वायर पुसली होती, तीही परत आणली.

दीड हजार फोटोंतले अकरा ठेवले. एक फोटो डिलीट करताना फार जड गेलं. दोन तास थांबून मिळवला होता, पण ते दोन तास फोटोत कुठंच दिसत नव्हते.

तक्रारी? पांढऱ्या कापडाच्या कडेला जांभळी झाक येते, लेन्सचं तोंड थोडं मिटून एफ २.८ वर घेतलं की बरीच कमी होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत लेन्स बदलायची नव्हती, म्हणून सेन्सर वाचला. गुलाल फोकस रिंगमध्ये मात्र शिरलाच. ब्लोअर मारून झालं, ब्रश झाला. अजून फिरवली की कुरकुरते.