घरून काम: फ्लॅट, गाव, भाड्याचं टेबल की तीन दिवस ऑफिस?

नवी ऑफर हातात आली की पगारानंतरचा पहिला प्रश्न हल्ली एकच असतो, 'घरून किती दिवस?' मी पुण्यात आयटीत टीम सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. विचारणाऱ्यासमोर साधारण चार वाटा असतात. पुण्यातल्या फ्लॅटमधून पूर्णवेळ काम, मूळ गावी जाऊन काम, घराजवळच्या को-वर्किंगमध्ये, म्हणजे सामाईक ऑफिसात, टेबल भाड्याने घेऊन काम, नाहीतर हायब्रिड, म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस आणि उरलेले घरी.

माझं मत आधीच सांगून टाकते. प्रवासाचा वेळ वाचला म्हणून तो तुम्हाला मिळाला असं होत नाही. तो कोणीतरी घेतंच, एक तर कंपनी, नाहीतर घरचे. त्यामुळे कंपनीची पॉलिसी वाचण्याआधी आपलं घर नीट बघावं. तुमच्या घरात तुमच्या वेळेवर कोणाकोणाचा हक्क चालतो, यावर निम्मा निर्णय होतो.

फ्लॅटमधून, पूर्णवेळ

धायरीत राहायचं आणि हिंजवडी फेज ३ला नोकरी, हे ज्यांनी केलंय त्यांना फार समजावून सांगावं लागत नाही. २०२३मध्ये चांदणी चौकातला नवा पूल झाला आणि बावधनपर्यंत गाडी सुटली, पण पुढे भूमकर चौक आहे तिथेच आहे. पावसात एका बाजूचा दीड तास धरूनच निघायचं. दिवसाचे तीन, आठवड्याचे पंधरा तास. हा हिशोब मांडला की घरून काम जिंकलंच म्हणायचं.

मग ते पंधरा तास जातात कुठे? टू बीएचकेतली एक खोली सासू-सासऱ्यांची, दुसरीत पलंग आणि कपाट. उरलं डायनिंग टेबल. ते जेवायला ठीक असतं. त्यावर लॅपटॉप ठेवून आठ तास मान खाली घातली की दुसऱ्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट गाठावा लागतो. सकाळी साडेनऊचा स्टँडअप (टीमची रोजची छोटी मीटिंग) आणि भांडीवाल्या मावशींची वेळ हमखास एकच. हे चालून जातं, म्यूटचं बटण त्यासाठीच असतं. खरी गोची एका वाक्यात आहे: 'घरीच आहेस ना, मग तेवढं दळण घेऊन ये.' दळणाला म्हणे दहा मिनिटं लागतात. गिरणीवर आपल्या आधी चार डबे असतात, चक्कीवाला म्हणतो ज्वारी चालू आहे, गहू नंतर लावतो. तेवढ्यात फोनवर 'क्विक कॉल?' असा मेसेज. मग गॅसवाला, कुरिअर, शेजारच्यांचंही कुरिअर, मुलीला क्लासहून आणणं. यातलं एकही काम मोठं नाही, म्हणून एकालाही नाही म्हणता येत नाही. संध्याकाळी सहाला लक्षात येतं की हातातलं काम अर्धंच झालंय. जेवणं उरकून दहाला लॅपटॉप पुन्हा उघडतो, आणि दिवस सकाळी नऊपासून रात्री साडेअकरापर्यंत पसरतो.

इथे पुरुष आणि बाईचं घरून काम एकच नसतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, असं आलंय. दोघंही आयटीत आणि दोघंही घरून, अशा घरांत मी बघते, त्याचं दार बंद असतं आणि तिचं उघडं, कारण गॅसवर दूध आहे. म्हणून एखादी मुलगी मला विचारते तेव्हा मी उलट विचारते, दार लागणारी खोली कोणाला मिळणार आहे? 'बघू, ॲडजस्ट करू' असं उत्तर आलं तर हा पर्याय तिने घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते.

खोलीचा मुद्दा उगाच काढत नाही. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला होता. आठवड्यातले चार दिवस घरून, असं नऊ महिने. भाग घ्यायचा तर घरात स्वतंत्र खोली हवी, अशी अटच होती. त्या लोकांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. एवढं सगळं छान होऊन शेवटी 'आता तुम्हीच निवडा' म्हटल्यावर त्यातले जवळपास निम्मे ऑफिसला परतले. एकटं वाटतं, हे मुख्य कारण. शिवाय कामाच्या मानाने त्यांची बढतीही मागे पडली होती. स्वतंत्र खोली मिळालेल्यांची ही गत.

एसीचं बिल वगैरे किरकोळ. दीड टनाचा एसी आठ तास चालला तर दिवसाला आठ-दहा युनिट जातात आणि उन्हाळ्यात महावितरणचा वरचा स्लॅब लागतो, पण पेट्रोल वाचतं त्यापुढे ते काही नाही. पैसे घालायचे तर आधी खुर्चीत घाला.

गावी जाऊन

या पर्यायाबद्दल लोक फार गोड बोलतात. भाडं वाचतं, आईच्या हातचं जेवण, नातवंडं आजीपाशी, गर्दी नाही, धूर नाही. हे सगळं खरं आहे. तालुक्याच्या गावी फायबरही आता बऱ्यापैकी चालतं. अडतं ते लाइटवर. कणकवली-कुडाळकडे जूनचा पहिला वारा सुटला की तारेवर फांदी पडते आणि अर्धा दिवस अंधार. १५० एएचची एक बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप, राउटर, पंखा आणि एक ट्यूब सहा-सात तास आरामात निघतात. पण गावच्या मोबाइल टॉवरचीही बॅटरीच असते, आणि ती आपल्या आधी संपते. तेव्हा दोन वेगळ्या कंपन्यांची सिम आणि राउटरला स्वतंत्र छोटा यूपीएस, ही किमान तयारी. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर पलीकडच्या सोसायटीत कोणाकडे तरी जाऊन बसता येतं. गावात सगळ्यांची एकदमच जाते.

त्याहून मोठी गोष्ट माणसांची. गावात दिवसभर घरात बसलेला तिशीचा माणूस रिकामाच धरला जातो. 'आलाच आहेस तर तलाठ्याकडे जाऊन ये.' सातबाऱ्यावरच्या नावाची नोंद, सोसायटीचं कर्ज, काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, लग्नाच्या पत्रिका वाटणं, सगळं हळूहळू तुमच्याकडे सरकतं. वडिलांना वाटतं पोरगा कॉम्प्युटरवर बोलत बसलाय, मधे बोललं तर काय बिघडलं. शांततेसाठी गावी जाणाऱ्यांची म्हणूनच निराशा होते.

आणि तरीही एका परिस्थितीत मी हाच पर्याय सगळ्यांत वर ठेवीन. आई-वडील थकलेत, महिन्यातून एकदा तरी दवाखाना आहे, आणि दर शुक्रवारी रात्री स्वारगेटला एसटी पकडण्यात तुमचा शनिवार-रविवार संपतोय. अशा वेळी दिवसा चार वेळा उठावं लागलं तरी ते परवडतं, कारण ज्यासाठी उठताय तेच तर तुम्हाला हवं असतं.

मात्र पुण्यातलं बिऱ्हाड लगेच मोडू नका. टीसीएसने २०२०मध्ये '२५ बाय २५' जाहीर केलं होतं, म्हणजे २०२५पर्यंत एका वेळी पाव कर्मचारीच ऑफिसात असतील. ऑक्टोबर २०२३पासून तिथे पाचही दिवस ऑफिस सुरू झालं. मोठ्या कंपन्याही असं फिरवतात. 'कायमचं घरून' हे मॅनेजरच्या तोंडून ऐकलं असेल तर ते त्या मॅनेजरची बदली होईपर्यंतच खरं. नेमणुकीच्या पत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते बघा. मुलांची शाळा हलवायची असेल तर हे पत्र हातात आल्याशिवाय हलूच नका. भाड्यावर घरभाडे भत्त्याची करसूट घेत असाल तर तेही तपासा. जुन्या करपद्धतीत आई-वडिलांना खरोखर भाडं देऊन, त्यांनी ते उत्पन्नात दाखवून सूट घेता येते. नव्या पद्धतीत ती सूटच नाही.

भाड्याचं टेबल

बाणेर, खराडी, विमाननगरला को-वर्किंगचं साधं टेबल महिन्याला पाच-सात हजारांपासून पुढे मिळतं, वर १८ टक्के जीएसटी. हे ऐकून लोक म्हणतात, घरी फुकट बसायचं सोडून पैसे देऊन बाहेर कशाला? मला उलट वाटतं. वन बीएचके आणि लहान मूल असलेल्यांसाठी हा सगळ्यांत सरळ मार्ग आहे. संध्याकाळी बॅगची चेन लावली की दिवस संपतो, आणि घरच्यांच्या लेखी तुम्ही 'कामावर' असता. दळण आपोआप सुटतं.

जागा चालत जाता येईल अशी हवी, नाहीतर पुन्हा ट्रॅफिक आलंच. फोन बूथ (कॉल घ्यायच्या बंद छोट्या खोल्या) किती आहेत ते दुपारी चारला जाऊन बघा. सकाळी दाखवायला नेतात तेव्हा ते रिकामे असतात. बँकिंग किंवा हेल्थकेअरचा क्लायंट असेल तर अशा सामाईक जागेतून काम करायला मनाई असू शकते, ते आधी विचारून घ्या. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसण्याची शक्कलही काही जण लढवतात. स्वस्त पडतं, एसी असतो. पण एमपीएससीची मुलं तुमच्या कीबोर्डच्या आवाजाने मान वर करून बघतात, आणि कॉल घ्यायचा तर जिन्यात.

हायब्रिड

ब्लूम यांनीच पुढे त्याच कंपनीत (आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम) १,६१२ कर्मचाऱ्यांवर दुसरा प्रयोग केला. आठवड्यातून दोन दिवस घरून. २०२४मध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. राजीनामे तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांत फरक पडला नाही. कागदावर बघाल तर चारांतला हाच पर्याय सर्वांत शहाणा.

पुण्यात त्याची मजा दिवसांवर ठरते. मंगळवार ते गुरुवार सगळ्यांनीच धरले तर तुमच्या वाट्याला सगळ्यांत वाईट ट्रॅफिक येतं. वाकडचा पूल ओलांडून पोहोचायचं, सीट बुक केलेली असते ती तिसऱ्या मजल्यावर, टीम पाचव्यावर, आणि दिवसभर हेडफोन लावून हैदराबादशी बोलायचं. त्यात स्वाइपचे, म्हणजे कार्डावर नोंदले जाणारे, नऊ तास भरायचे. असं होणार असेल तर हायब्रिडने दोन्हीकडचं वाईट तेवढं दिलं. आपली माणसं त्याच दिवशी येणार आहेत का, एवढा एक प्रश्न मुलाखतीत विचारा. येणार असतील तर चहाच्या टपरीवर जे कळतं ते चॅटवर कधीच कळत नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या मुलांनी तर दुसरं काही निवडूच नये.

रात्रीचा कॉल

चारही पर्यायांना पुरून उरणारी ही एक गोष्ट. क्लायंट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर त्याची सकाळची आठची मीटिंग आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला पडते. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की तीच साडेनऊला. गावी सगळे झोपलेले असतात आणि तुम्ही बोलत असता, फ्लॅटमध्ये मूल झोपत नसतं, को-वर्किंग बंद व्हायला आलेलं असतं. हायब्रिडवाल्याला तर ऑफिसातून पाचलाच निघावं लागतं.

यावर कायद्याचा आधार आपल्याकडे अजून नाही. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेल नाकारण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत २०१८मध्ये मांडलं आणि २०२५मध्ये पुन्हा, पण खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. फ्रान्समध्ये २०१७पासून असा हक्क आहे, ऑस्ट्रेलियात २०२४पासून. आपल्याला तो मॅनेजरशी बोलूनच मिळवावा लागतो. रात्री कॉल असेल त्या दिवशी दुपारचे दोन तास कॅलेंडरवर अडवून ठेवा, आणि ते घरच्यांनाही सांगा, नाहीतर ते दळणात जातील. आठवड्यात तीनपेक्षा जास्त रात्री कॉल असलेल्या भूमिकेत संतुलन शोधायला घर बदलू नका, भूमिका बदलून मागा.

दोन पर्यायांत अडकला असाल तर करून बघितल्याशिवाय ठरवू नका. फक्त गावाची चाचणी मे महिन्यात घेऊ नका. तेव्हा आंबे असतात, सगळी भावंडं आलेली असतात आणि लाइटही बऱ्यापैकी टिकते. जुलैत जा, रजा न टाकता दोन आठवडे काम करा. त्यात एखादं रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर सोडण्याची धावपळ, येत असेल तर उत्तमच.