आरव्हीत इंटरनेट: छपरावरचा अँटेना की बाहेर मांडलेली डिश?

नव्याने आरव्ही, म्हणजे आत राहता येईल असा ट्रेलर किंवा मोटरहोम, घेतलेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला की गप्पा दोन मिनिटांत इंटरनेटवर येतात. अमेरिकेत आपल्यातले बरेच जण रजा टाकून आरव्ही फिरवत नाहीत, नोकरी बरोबर घेऊन फिरवतात. गुरुवारी संध्याकाळी निघायचं, शुक्रवारचं काम कॅम्पग्राउंडमधून उरकायचं, आणि टीम पुण्यात असेल तर उन्हाळ्यात पॅसिफिक वेळेनुसार सकाळी साडेसहाला, म्हणजे तिकडे संध्याकाळी सातला, कॅमेरा लावून बसायचं. हा आढावा अशा लोकांसाठी आहे. नुसतं व्हॉट्सॲप आणि हवामान बघायचं असेल तर खिशातला फोन पुरतो. त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

निवड खरं तर दोघांतच आहे. एक म्हणजे मोबाइल टॉवरवर चालणारा राउटर: आत दोन कंपन्यांची सिम आणि छपरावर पक्का बसवलेला अँटेना. दुसरी स्टारलिंक मिनी, म्हणजे उपग्रहांवरून इंटरनेट घेणारी छोटी डिश. स्टारलिंकने आरव्हीवाल्यांसाठी वेगळा प्लॅन 2022 मध्ये काढला, पण तेव्हाची डिश मोठी होती आणि वीजही बरीच खायची. 2024 मध्ये मिनी आली, लॅपटॉपच्या आकाराची, किलोभर वजनाची, राउटर आतच असलेली. तेव्हापासून ही तुलना बरोबरीची झाली. मी दोन्ही वापरतो, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडं अधिकाराने बोलता येईल असं वाटतं.

कॅम्पग्राउंडचं वायफाय मी या तुलनेत धरतच नाही. ऑफिसात आलेली एक लाइन सगळ्या साइट्सना (गाड्या उभ्या करायच्या जागांना) वाटली जाते, आणि ट्रेलरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असेल तर जे काही पोहोचतं तेही बाहेरच राहतं. पहाटे पाचला ते बरं चालतं, तेव्हा फोटोंचा बॅकअप लावून घ्या. मोठं डाउनलोड असेल तर जवळच्या गावातली पब्लिक लायब्ररी गाठा. अमेरिकेतल्या लहान गावांच्या लायब्ऱ्या ही फार मोलाची सोय आहे. फक्त ट्रेलर उभा करायला जागा आहे का, ते आधी नकाशात बघा.

आता राउटरची बाजू. खरं सांगायचं तर रोजच्या वापरात तो जास्त सोयीचा. गाडी चालू असतानाही नेट चालू, मागे बसलेली मुलं शांत. साइटवर पोहोचल्यावर काही मांडायचं नाही की आवरायचं नाही. झाडाखाली उभे राहा, पावसात उभे राहा, त्याला फरक पडत नाही. टी-मोबाइलचा 600 मेगाहर्ट्झचा पट्टा किंवा व्हेरायझन आणि एटी अँड टीचे 700 च्या आसपासचे पट्टे लांबवर पोहोचतात, आणि छपरावरच्या अँटेनाला फोनपेक्षा ते कितीतरी स्वच्छ मिळतात. कॅलिफोर्नियात हायवे 395 वर, सिएरा पर्वतरांगेच्या पूर्वेच्या बाजूने जाताना, फोनवर रेंजची जेमतेम एक काडी असायची तिथे राउटरवर मी आख्खी मीटिंग केलेली आहे. लोन पाइनजवळ अलाबामा हिल्समध्ये मुक्काम असेल तर गावातला टॉवर समोरच. तिथे डिश बाहेर काढायचंही मनात येत नाही.

पण 395 सोडून आत वळलात की चित्र बदलतं. डेथ व्हॅलीच्या उत्तरेकडचं मेस्किट स्प्रिंग, नेवाडातल्या हायवे 50 वरचे दोन गावांमधले लांबच लांब पट्टे, बिग सरच्या दऱ्या, इथे रेंज येत नाही, आणि जे सिग्नल मुळात पोहोचतच नाही ते अँटेना कुठून आणणार? ही अडचण सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती मला फारशी टोचत नाही. कंपन्यांचे नकाशे आणि एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा) ब्रॉडबँड नकाशा बघितला की अंदाज येतो. रेंज नाही हे ठाऊक असेल तर मीटिंग हलवता येते.

माझा कौल फिरवला तो वेगळ्याच त्रासाने. काड्या पूर्ण, आणि पान उघडत नाही.

मेमोरियल डेचा (मे अखेरचा) लाँग वीकएंड, समुद्रकाठचं गाव, कॅम्पग्राउंड खच्चून भरलेलं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. चारनंतर गाड्यांची रीघ लागली. संध्याकाळी सातला आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळचे साडेसात. राउटरवर दोन्ही सिमच्या काड्या पूर्ण हिरव्या. स्क्रीनवर आई चहाचा कप तोंडाशी नेतानाच थिजलेली, आणि मधूनच तुटक आवाज, "ऐकू येतंय का रे?" मुलांचे टॅबलेट बंद केले, आमचा कॅमेरा बंद केला, एक सिम काढून दुसऱ्यावर टाकलं. काही उपयोग नाही. रात्री अकरा वाजून गेल्यावर सगळं आपोआप नीट झालं, कारण माणसं झोपली. त्यानंतर हा प्रकार प्रत्येक लाँग वीकएंडला आणि बऱ्याच साध्या शनिवारीही बघितला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टॉवर किती जोरात ऐकू येतोय ते काड्या सांगतात. त्या टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ आहे का, ते त्या सांगत नाहीत. लहान गावाच्या वस्तीच्या हिशेबाने उभा केलेला टॉवर सुट्टीच्या दिवशी कितीतरी जास्त लोकांना पुरवायला लागतो. त्यात हॉटस्पॉटचा आणि नुसत्या डेटाचा प्लॅन बहुतेक ठिकाणी फोनच्या महागड्या प्लॅनच्या मागे रांगेत उभा असतो, आणि महिन्याचा कोटा संपला की अजून मागे जातो. अँटेना तुमचं टॉवरशी बोलणं स्पष्ट करतो, गर्दी हटवत नाही. सिग्नल वाढवणारा बूस्टरही हटवत नाही. दोन सिमचा फायदा होतो, पण लहान गावात दोन कंपन्यांचे अँटेना पुष्कळदा एकाच खांबावर असतात, आणि खाली उभी असलेली गर्दीही तीच.

वेग कमी झाला तर माझी फारशी तक्रार नाही. आधी कळत नाही आणि कळल्यावर हातात काही उरत नाही, याचा मात्र मनापासून त्रास होतो. बॉसला सांगायचं काय? रेंज पूर्ण आहे पण नेट नाही?

आता डिशकडे वळू. तिचा शत्रू झाड. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरून धावत असतात, त्यातला एक तुमच्या डोक्यावर काही मिनिटंच टिकतो, आणि डिश दर काही सेकंदांनी नवा उपग्रह धरते. आकाशाच्या एका कोपऱ्यात पाइनचा शेंडा आला की उपग्रह त्याच्यामागे गेल्यावर कनेक्शन काही सेकंद तुटतं, मग परत येतं. सिनेमा बघताना हे जाणवतही नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरलेला असतो. मीटिंगमध्ये मात्र वाक्याचा शेवट गिळला जातो. उत्तर कॅलिफोर्नियात हंबोल्टच्या रेडवूडच्या उंच झाडांत डिश घेऊन जाण्यात काहीच अर्थ नाही. वर बघितलं तर आकाशाचा नखाएवढा तुकडा दिसतो.

पण झाड दिसतं. मोठा फरक इथेच पडतो. साइटवर आल्यावर ॲप उघडून फोन आकाशाकडे फिरवायचा, नकाशात अडथळे लाल दिसतात. मग डिश चार पावलं इकडे, पिकनिक टेबलाच्या पलीकडे, नाहीतर साइटच्या तोंडाशी न्यायची. अमेरिकेच्या अक्षांशावर उत्तरेकडचं आकाश मोकळं असलं की बरंचसं काम होतं, कारण बहुतेक उपग्रहांच्या कक्षा 53 अंशांच्या आसपास कललेल्या आहेत आणि तिकडे त्यांची दाटी असते. साइट बुक करतानाही नकाशातला उपग्रहातून काढलेला फोटो बघून उत्तर बाजूला झाडं नसलेला नंबर निवडता येतो. दोष डोळ्यांसमोर असला की माणूस काहीतरी करू शकतो, आणि बहुतेक वेळा जमतंही.

गर्दी स्टारलिंकवरही असते, हे लपवण्यात अर्थ नाही. फिरतीवर वापरायचा 'रोम' (Roam) प्लॅन घरगुती ग्राहकांच्या मागे धरला जातो, आणि शहरांजवळ संध्याकाळी वेग उतरतो. पण आपण जिथे कॅम्पिंगला जातो त्या मोकळ्या मुलखात मला तो कॉल तुटण्याइतका उतरलेला दिसला नाही. माझ्याकडे आकडेवारी नाही, मी स्पीड टेस्ट लिहून ठेवत नाही. आईशी बोलणं पूर्ण होतं का, एवढंच बघतो. डिशवर ते होतं.

विजेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण साडेसहाच्या मीटिंगचा सगळा खेळ तिच्यावर आहे. हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नसलेल्या साइटवर त्या वेळी जनरेटर लावता येत नाही. नॅशनल पार्कांत बऱ्याच ठिकाणी सकाळी आठच्या आधी परवानगी नसते, आणि असती तरी शेजारी झोपलेले असतात. म्हणजे बॅटरीच. मिनी साधारण 25 ते 40 वॉट घेते. आठ तास चालवली तर 250 वॉट-तासांच्या आसपास, म्हणजे 100 अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीचा जेमतेम पाचवा हिस्सा. मोठी डिश इन्व्हर्टरवर चालवली तर हाच हिशेब दुपटीच्या पुढे जातो. राउटर मिनीपेक्षाही कमी खातो, हा गुण त्याला द्यायलाच हवा. मिनी थेट 12 व्होल्टवर चालते, इन्व्हर्टर लागत नाही, पण केबल लांब आणि बारीक असेल तर वाटेत व्होल्टेज पडतं आणि डिश पुन्हापुन्हा रीस्टार्ट होते. जाड केबल घ्या किंवा व्होल्टेज 24 पर्यंत वाढवणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये लावा. यूएसबी-सीच्या 100 वॉटच्या पॉवर बँकेवरही ती चालते, टेबलावरच्या कामाला ते फार सुटसुटीत पडतं.

इथे अजून एक गोष्ट डिशच्या बाजूने जाते. सोलर पॅनेल असेल तर तुम्ही मोकळ्या आकाशाखालीच उभे राहता. पॅनेलला जे हवं तेच डिशला. सावलीत राहायचं आणि नेटही हवं, असं म्हणणाऱ्यांनी मात्र जुलैतल्या उन्हाचा विचार करून ठेवावा. दुपारी ट्रेलर तापतो, आणि एसी चालवायला बॅटरी पुरत नाही.

छपराला भोक पाडायचं की नाही, हाही प्रश्न आहे. पक्का अँटेना बसवायचा तर स्क्रू आणि केबलसाठी भोक आलंच, आणि आरव्ही वापरणाऱ्याला छपरातून गळणाऱ्या पाण्याची धास्ती काय असते ते वेगळं सांगायला नको. सीलंट दर वर्षी तपासा. मिनी स्टँडवर उभी राहते. चुंबकाचा स्टँड घेऊ नका, ट्रेलरच्या फायबरग्लास किंवा रबराच्या छपराला तो धरत नाही. वारा सुटला तर दोरीने बांधा. गर्दीच्या ठिकाणी फिरायला जाताना आत ठेवा. हे मांडणं-आवरणं दर मुक्कामाला करावं लागतं, आणि पावसात ते कंटाळवाणं होतं. रोज जागा बदलणाऱ्याला याचा वीट येईल.

पैशांचं थोडक्यात. दोन मॉडेमचा चांगला 5जी राउटर आणि अँटेना मिळून हजार डॉलरच्या वर सहज जातो, आणि वर दोन सिमचे महिन्याचे पैसे. मिनी त्याच्या निम्म्यात येते. वर्षातून काही महिनेच फिरणार असाल तर हिवाळ्यात प्लॅन कमी पैशांच्या स्टँडबायवर टाकता येतो. प्लॅनचे दर आणि अटी सारख्या बदलतात, त्यामुळे घ्यायच्या दिवशी पुन्हा बघा. 2025 पासून टी-मोबाइलच्या फोनवर स्टारलिंकच्या उपग्रहांतून मेसेज जातात. अडचणीच्या वेळी ते उपयोगाचं आहे, पण त्यावर मीटिंग होत नाही.

मग घ्यायचं काय? रेडवूड, ओरेगनचा किनारा, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कची जंगलं हाच तुमचा मुलूख असेल, किंवा रोज दोन-तीनशे मैल चालवत असाल, तर राउटर घ्या आणि लाँग वीकएंडला कामाची वेळ सकाळी ठेवा. नैर्ऋत्येतली वाळवंटं, बीएलएमची (केंद्र सरकारच्या जमीन खात्याची) मोकळी जमीन, युटा, नेवाडा, एका जागी तीन-चार दिवस मुक्काम, आणि चुकवून चालणार नाही अशा मीटिंग असतील तर मी मिनीकडे झुकेन, आणि झाडीत अडकलात तर खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट आहेच. महागडा राउटर मी आज नव्याने घेतला नसता. आहे म्हणून वापरतो, प्रवासात मुलांसाठी.

खर्च करण्याआधी एक करा. स्टारलिंकचं ॲप फुकट आहे आणि डिश नसतानाही आकाश तपासून देतं. पुढच्या मुक्कामाला तुमच्या नेहमीच्या साइटवर ते फिरवून बघा. त्याच संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान फोनच्या हॉटस्पॉटवर अर्धा तास व्हिडिओ कॉल लावा, आणि हे शनिवारीच करा, मंगळवारी नको.