फोन खिशात, बोट चित्रावर: प्रोजेक्ट सेंटरने आम्हाला कसं गंडवलं

शेवटच्या वर्षाला कला आणि तंत्रज्ञान एकत्र आणणारा प्रोजेक्ट घेतला असेल, तर तुमची अडचण काय आहे हे प्रोजेक्ट सेंटरवाल्यांना, म्हणजे पैसे घेऊन विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट बनवून देणाऱ्यांना, आधीच ठाऊक असतं. चित्र काढणाऱ्यांना सोल्डरिंग येत नाही, सोल्डरिंग येणाऱ्यांना चित्राचं काय करायचं ते सुचत नाही आणि सबमिशनची तारीख काही केल्या पुढे जात नाही. जानेवारी ते एप्रिल ही या लोकांची सुगी. पुण्यातल्या अशाच एका सेंटरने आमच्या चौघींच्या ग्रुपला गंडवलं. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. तशीही पाटी बदलायला त्यांना कितीसा वेळ लागणार? पद्धत मात्र तीच राहते, म्हणून ती सविस्तर सांगते.

आमचा विषय चित्रकथी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेली ही कला. सुट्या चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक चित्र पुढे करायचं आणि हुडूक-टाळाच्या साथीवर रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगायची. आम्हाला याचा एक मोठा फलक करायचा होता. सीताहरणाची आठ चित्रं, आणि ज्या चित्राला हात लावाल त्याचं गाणं ऐकू येणार. चित्रं आमच्यातल्याच एकीने काढली, पिंगुळीची नक्कल न करता स्वतःच्या हाताने. आवाज तिथल्या एका वयस्कर गायकांचा. आम्ही त्यांना आजोबा म्हणतो. रेकॉर्डिंग फक्त कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वापरू, असं सांगून त्यांची परवानगी घेतली होती. ही अट पुढे महत्त्वाची ठरते.

इलेक्ट्रॉनिक्स बाहेरून करून घ्यायला आमच्या विभागात मनाई नाही, ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधील अहवालात, तसं लिहावं लागतं एवढंच. गाईड सरांना विचारून आम्ही सेंटरला काम दिलं. चित्रामागे तांब्याच्या पट्ट्या, त्यांच्या वायरी एमपीआर१२१ या टच सेन्सरच्या चिपला, चिप आर्डुइनो या प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाला आणि आवाजासाठी मेमरी कार्डवरून गाणी वाजवणारं छोटं मॉड्यूल. हे सगळं त्यांनीच कोटेशनमध्ये लिहून दिलं होतं. रक्कम २८ हजार, निम्मी आधी, निम्मी डेमोनंतर. पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी वेगळा पडेल’ म्हणाले आणि कच्ची पावती हातात ठेवली. ‘मार्केटिंगसाठी नको, फक्त कॅलिब्रेशनला’, म्हणजे सेन्सर जुळवून घ्यायला, असं म्हणून चित्रांच्या मूळ फाइल्स आणि पूर्ण रेकॉर्डिंगही त्यांनी मागून घेतलं. आम्ही मार्केटिंगचं नावही काढलेलं नसताना त्यांना ते आधीच आठवलं होतं.

डेमो झकास झाला. फलक टेबलावर उभा, शेजारी त्यांचा एक मुलगा हात खिशात घालून उभा. आम्ही जटायूला हात लावला, जटायूचं गाणं. रावणाला लावला, रावणाचं. कधी कधी अर्धा सेकंद उशीर व्हायचा, त्यावर ‘प्रोसेसिंग आहे’ असं उत्तर मिळालं. उरलेले पैसे तिथेच जीपेने घेतले.

फलक कॉलेजात आणला तर आठही चित्रं मुकी. फोन केला. ‘मॅडम, कपॅसिटिव्ह टच आहे, हवेतला दमटपणा वाढला की असं होतं. तुमच्या लॅबचं अर्थिंगही तपासा.’

या उत्तरात थोडं खरंही होतं, म्हणून ते पचलं. बोट धातूच्या पट्टीजवळ आलं की तिची विद्युतधारिता किंचित बदलते आणि चिप तो बदल मोजते. दमट हवा, लांब वायरी, खराब अडॅप्टर यांनी त्या आकड्यावर परिणाम होतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण हवेमुळे होणारा फरक हळूहळू होतो आणि एमपीआर१२१ त्यानुसार आपली पायाभूत पातळी, म्हणजे स्पर्श नसतानाचा आकडा, स्वतःच सरकवत राहते. एखादी पट्टी अडखळेल, नको तेव्हा वाजेल. आठच्या आठ पट्ट्या एकाच वेळी ठार बंद पडण्याचं कारण दमटपणा नव्हे. हे आम्हाला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सीनियरने समजावलं आणि डबा उघडायला लावला. ‘उघडला तर वॉरंटी जाईल’ असा स्टिकर होता त्यावर. कसली वॉरंटी, पावती तर कच्ची!

आत टच सेन्सर नव्हताच. आठही वायरी फलकाकडून छान रंगीत येत होत्या आणि आत गरम गोंदाच्या एका गोळ्यात रुतून संपत होत्या. कशालाच जोडलेल्या नव्हत्या. आर्डुइनोसारखा एक बोर्ड होता, चिपवरचा नंबर घासून काढलेला. आवाजाचं मॉड्यूल होतं. आणि एका कोपऱ्यात लाल दिवा भराभर मिचकावणारं एचसी-०५, म्हणजे साधं ब्लूटूथ मॉड्यूल. कोटेशनमध्ये ब्लूटूथचा उल्लेखही नव्हता. दिवा असा भराभर मिचकावतो तेव्हा ते कुणीतरी जोडण्याची वाट बघत असतं.

सीनियरने स्वतःच्या फोनवरून ते शोधलं, कारखान्यातून येतो तोच १२३४ हा पिन टाकला, ब्लूटूथ टर्मिनलचं फुकट मिळणारं ॲप उघडलं आणि ‘१’ पाठवला. सीता गायला लागली. ‘४’ पाठवला, जटायू. फलकाला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. खिशात हात घातलेला तो मुलगा डेमोत काय करत होता ते आम्हा पाचजणांना एकदमच कळलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा हसूच आलं. तो आमच्या बोटांकडे बघून फोनवरची बटणं दाबत होता. उशीर व्हायचा तो त्याच्या अंगठ्याला.

पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात डब्यातला माल दाखवला, तर दुकानदारांनी दीड हजारही धरले नाहीत.

सेंटरला विचारलं तेव्हा सूर बदलला. टच हवा असेल तर ‘व्हर्जन टू’, त्याचे वेगळे ९ हजार. सोर्स कोड मागितला तर ‘कोड आमची प्रॉपर्टी आहे’. चीड यावी अशी गोष्ट ही, की कोडबद्दल ते कायद्याला धरून बोलत असू शकतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने पैसे घेऊन प्रोग्रॅम लिहून दिला, तरी लेखी करारात हक्क तुमच्या नावे केलेले नसतील तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतात. आणि चिपमधून वाचून काढू म्हणाल, तर आर्डुइनो उनोतल्या चिपला कुलूप घालता येतं. ते काढायला गेलं की आतला प्रोग्रॅमच पुसला जातो. म्हणून ‘सोर्स कोड, सर्किटची आकृती आणि दोन्हींचे हक्क ग्रुपकडे’ ही ओळ पहिला रुपया देण्याआधी कागदावर आणा. जो सेंटरवाला या ओळीवर कुरकुरेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

सोबत एक मोफत ब्लॅक बुकही मिळालं होतं. आमचं आम्ही लिहिलेलं होतं, म्हणून ते नुसतं चाळलं. तिसऱ्या प्रकरणात चित्रकथीच्या फलकाला ‘जमिनीतील ओलावा मोजून पंप चालू करणारा’ सेन्सर लावलेला होता. कुणाच्या तरी ठिबक सिंचनाच्या प्रोजेक्टचं पुस्तक. घाईत जे ग्रुप असं पुस्तक वाचल्याशिवाय बांधायला देतात त्यांची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, कशी होत असेल?

इथपर्यंत प्रश्न पैशांचा होता. नंतरचं जास्त लागलं. त्यांच्या जाहिरातीची एक रील फिरत फिरत आमच्याकडे आली. ‘टच आर्ट वॉल, कोड आणि रिपोर्टसह, तीन दिवसांत.’ फलकावर आमची सीता, आमचा जटायू. आमची मैत्रीण प्रत्येक चित्रात आपली आद्याक्षरं लपवते. जटायूच्या पंखात ती तशीच्या तशी दिसत होती, ती पुसायचीही तसदी घेतली नव्हती. आणि मागे आजोबांचा आवाज. कॅलिब्रेशनसाठी दिलेल्या फाइल्स कुठे गेल्या ते कळलं.

आजोबांना फोन करून सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, ‘कितक्याक इकतत?’ म्हणजे केवढ्याला विकतात. आकडा सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडून रीलची लिंक मागून घेतली आणि आता त्यांचा नातू आमच्यासोबत तक्रारदार आहे. चित्राचा कॉपीराइट नोंदणी न करताही काढणाऱ्याचाच असतो आणि गाणाऱ्यालाही कायद्याने कलाकाराचे स्वतंत्र हक्क आहेत. त्यामुळे या भागात आमची बाजू कोडच्या वादापेक्षा भक्कम आहे. तारखेसह जपलेल्या मूळ फाइल्स, कच्ची रेखाटनं आणि फाइल्स पाठवल्याचे ईमेल इथे कामाला आले. कुणालाही चित्रं द्यायची वेळ आली तर कमी रिझोल्यूशनची, मध्यभागी नाव टाकलेली द्या. आवाजाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे द्या. टच तपासायला त्याहून जास्त काही लागत नाही.

पोलिसांत ‘हा व्यवहारातला वाद’ असं ऐकावं लागलं. ॲडव्हान्स ऑनलाइन घेऊन सेंटरवाला गायबच झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आमच्यासारखं प्रकरण असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आम्ही कोटेशन, कच्ची पावती, जीपेचे तपशील आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जोडला आहे. डबा उघडायची वेळ आली तर अखंड व्हिडिओ काढतच उघडा, नाहीतर ‘तुम्हीच आतलं काढून टाकलं’ म्हणायला ते मोकळे.

फलकाचं म्हणाल तर तो झाला. आर्डुइनोच्या जागी ईएसपी३२ ही चिप घेतली. मूळ ईएसपी३२ला थेट स्पर्श ओळखणाऱ्या दहा पिना असतात, आम्हाला आठच हव्या होत्या. तांब्याच्या पट्ट्या आम्हीच चिकटवल्या, सोल्डरिंग यूट्यूब बघून शिकलो, आवाजाचं मॉड्यूल त्यांच्याच डब्यातलं वापरलं. गोंदातल्या आठ वायरींचा फोटो ब्लॅक बुकच्या परिशिष्टात आहे, आणि एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, व्हायवात सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले.

ती रील आता काढली आहे. तोच फलक वारलीची चित्रं लावून पुन्हा विकायला आलाय. बघायला गेलात तर खोलीतल्या सगळ्यांचे फोन, तुमचेसुद्धा, आधी दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. डबा तुमच्यासमोर उघडायला लावा आणि एकेक वायर कुठे पोचते ते बोटाने दाखवायला सांगा. मग सेंटरवाल्यांना डोळे मिटायला लावून तुम्ही फलकाला हात लावा.