अर्ध्या पैशातले चार टायर आणि जुनी बॉक्स्टर: नऊ महिने, 9,400 किलोमीटर

मागच्या टायरची बाहेरची कड बघून मी कितीतरी दिवस निर्धास्त होतो. नक्षी छान खोल दिसत होती. मग ब्रेकच्या कामासाठी गाडी जॅकवर चढली, चाक हातात आलं, आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा पार गोटा झालेला दिसला. एका जागी तर रबर संपून बारीक तारा बाहेर डोकावत होत्या. परवाच याच टायरवर मी हायवे मारून आलो होतो, हे आठवून पोटात गोळा आला.

गाडी 2001 ची पोर्शे बॉक्स्टर, 986 मालिकेतली, 2.7 लिटरची. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे वजन मागे जास्त. माझ्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, तेव्हा गाडीला सावरणारं जे काही आहे ते चार टायर आणि माझे हातपाय. चाकं 17 इंची: पुढे 205/50, मागे 255/40 (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; दुसरा टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत). हा अनुभव बाकी कुठल्या गाडीला किती लागू पडेल ते तुम्ही ताडून बघा, पण पुढे-मागे वेगळं माप असलेली जुनी परदेशी स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

पहिला प्रश्न 'एन' मार्कचा. पोर्शे स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरच्या साइडवॉलवर एन0, एन1, एन2 असं छापलेलं असतं. एन0 म्हणजे त्या टायरची पहिली मान्य आवृत्ती, पुढचे आकडे म्हणजे नंतरच्या सुधारणा. मार्क नुसता शोभेचा नाही, त्याच नावाचा साधा टायर आणि मार्कवाला टायर यांची आतली बांधणी वेगळी असू शकते. पण या गाड्यांचं उत्पादन 2004 मध्ये थांबलं. नव्या मॉडेलना मोठी चाकं आली आणि जुन्या मापात मार्कवाले पर्याय विरळ होत गेले. जे मिळत होते त्यांचा भाव ऐकून मी फोन ठेवला.

शेवटी घेतले ते एका मधल्या फळीतल्या कंपनीचे उन्हाळी स्पोर्ट टायर, मार्क नसलेले. चौघांचे मिळून मार्कवाल्या संचाच्या साधारण 55 टक्के पैसे पडले. नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर एकच मॉडेल वेगवेगळ्या मापांत वेगळं वागतं. दुसरं म्हणजे खाली ज्या कुरकुरी आहेत त्यातल्या निम्म्या टायरच्या नाहीत, माझ्याच आहेत.

निवडताना तीन गोष्टींवर तडजोड करायची नाही असं ठरवलं होतं. पहिली, पुढे-मागे चारही टायर एकाच मॉडेलचे. दुसरी, लोड आणि स्पीडचे आकडे. मागे 94 डब्ल्यू, म्हणजे प्रत्येक टायरला 670 किलो आणि ताशी 270 किलोमीटर. एवढ्या वेगाने मी जाणार नाही हे मलाही माहीत आहे, पण कारचा कमाल वेग 250 च्या घरात आहे आणि त्यासाठी बनलेल्या टायरला उष्णता सोसायची ताकद असते. एका ठिकाणी 'एच' म्हणजे 210 वाला टायर "चालतो हो, कोण बघतंय" म्हणून पुढे केला गेला. तिथून निघालो. तिसरी गोष्ट, ओल्या रस्त्यावरची पकड. युरोपियन लेबलवर ती ए ते ई अशी असते. मी बी च्या खाली उतरायला तयार नव्हतो.

त्या लेबलबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. ओल्या पकडीचं अक्षर ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून ठरवतात. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो का, हे त्यात येत नाही. डेसिबलचा आकडासुद्धा बाहेर उभ्या माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा असतो, केबिनमधला नाही. आणि अमेरिकन पद्धतीचा ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा प्रत्येक कंपनी आपल्याच टायरला आपणच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तो तुलनेला ठीक. पण या कंपनीचा 340 आणि त्या कंपनीचा 240 म्हणून पहिला जास्त टिकेल, असा हिशोब मी केला होता. तो फुकट.

मापाचा मोहही झाला. पुढचं 205/50 माप मागवावं लागत होतं. 225/45 मात्र सगळीकडे पडून होतं, आणि स्वस्तही. गणित करून पाहिलं: 205/50 चा व्यास सुमारे 637 मिमी, 225/45 चा 634. फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही, सात इंची रिमवर बसतोही. जवळजवळ घेतलेच होते. मग लक्षात आलं की पुढे अरुंद आणि मागे रुंद हे कारखान्याने मुद्दाम केलंय, म्हणजे मर्यादा ओलांडली तर आधी नाक बाहेर जावं, शेपूट नाही. पुढची पकड वाढवली की हे समीकरण उलटीकडे सरकतं. मधोमध इंजिन, वर स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, आणि चालवणारा मी. 205 च मागवले.

टायर आले त्या दिवशीची गोष्ट. उत्पादनाची तारीख साइडवॉलवर शेवटच्या चार आकड्यांत असते, आधी आठवडा, मग वर्ष: 1423 म्हणजे 2023 चा चौदावा आठवडा. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, आणि टायर चढवल्यावर ती बाजू आत गेली की बसा शोधत. मी पोचेपर्यंत मागचे दोन रिमवर चढवून झाले होते. गाडीखाली आडवा पडून मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं तर एक त्याच वर्षाचा, दुसरा तीन वर्षांहून जुना. नवाच, एकदाही न चाललेला, पण गोदामात पडून राहिलेला. नखाने दाबून पाहिलं तर नव्याच्या कडेवर वळ उठत होता, याच्यावर नाही. दुकानदाराचं म्हणणं, "नवीनच आहे साहेब, स्टिकर बघा की." स्टिकर होताच. शेवटी बदलून दिला, पण आठ दिवस गाडी उभी राहिली. या गाड्यांची मापं कमी खपतात, त्यामुळे जुना साठा माथी मारला जाण्याची शक्यता नेहमीच्या मापांपेक्षा जास्त.

बसवताना दोन गोष्टींसाठी तिथेच उभा राहिलो. टायर असमान नक्षीचा आहे, त्यामुळे 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर हवी. आणि या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत, ते 130 न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळायचे. एअर गनने खाडखाड करून सोडून द्यायचे नाहीत.

आता चालवण्याबद्दल. पहिले दोनेकशे किलोमीटर टायर निसरडे वाटले. साच्यातून निघताना पृष्ठभागावर जो थर राहतो तो जाईपर्यंत असं होतंच. नंतर कोरड्या रस्त्यावर पकड माझ्या अपेक्षेपेक्षा बरी निघाली. सरळ ब्रेक मारला तर मला तक्रारीला जागा दिसत नाही. फरक जाणवतो तो स्टीअरिंगमध्ये. जुन्या संचावर स्टीअरिंग वळवलं की नाक लगेच वळायचं. आता मध्ये क्षणभराची ढिलाई आहे, जणू साइडवॉल आधी वाकते आणि मग गाडी ऐकते. रोज चालवणाऱ्याला आठवड्याभरात सवय होते. मला झाली. पण एका मित्राच्या मार्कवाल्या गाडीत बसलो की परत खुपतं.

हवेचा खेळ इथे उपयोगी पडला. 17 इंची चाकांना पुढे 29 आणि मागे 36 पीएसआय, थंड असताना. पुढच्याला दोन पीएसआय जास्त भरून पाहिली तर ढिलाई थोडी कमी झाली, पण प्रत्येक सांधा मणक्यात वाजायला लागला. पुढचे टायर एक्स्ट्रा लोडचे, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या बांधणीचे आहेत, आधीच कडक. एक पीएसआय वर थांबलो.

ओल्यात ब्रेक चांगला, लेबलने खोटं सांगितलेलं नाही. साचलेल्या पाण्याची गोष्ट वेगळी. एकदा मुसळधार पावसात 85 च्या वेगाने जाताना डाव्या बाजूला पाण्याचा पातळ पट्टा आला. स्टीअरिंग एकदम हलकं झालं, जणू कुणी हातातून काढून घेतलं, आणि त्याच क्षणी टॅकोमीटरचा काटा पाय न हलवता चारेकशे आरपीएम वर उडाला. मागची चाकं पाण्यावर फिरत होती. पाय हळूच उचलला, काटा खाली आला, गाडी सरळच राहिली. 255 रुंदीच्या टायरवर हलकी गाडी असेल तर हे होणार, महागड्या टायरनेही हे होतं. पण त्या दिवशी मागच्या आतल्या कडेची नक्षी सहा मिलिमीटरवर आली होती आणि टायर लावून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते.

खरं दुखणं ते. टायर बदलल्यावर अलाइनमेंट करायला गेलो तर तिथल्या माणसाने "या गाडीचं मागचं ॲडजस्ट होत नाही" म्हणून पुढचं करून कागद हातात दिला. मी मान डोलावली. या गाडीचं मागचं टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) दोन्ही ॲडजस्ट होतात, त्यासाठी एक्सेंट्रिक बोल्ट असतात, जे फिरवले की चाकाचा कोन बदलतो. ते गंजून धरले होते, एवढंच. मला हे माहीत असायला हवं होतं, कारण आधीच्या संचाच्या तारा आतल्या कडेलाच निघाल्या होत्या. कॅम्बरला सगळे शिव्या देतात, पण रबर खरं खातो तो टो. चाक किंचित बाहेर तोंड करून असलं की प्रत्येक मीटरला ते थोडं घासत जातं, आणि कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असल्याने ती कड आधी संपते.

नक्षीच्या खोलीचं मोजमाप मी वहीत ठेवलंय. मागचे टायर नवे असताना 7.8 मिमी. 2,800 किलोमीटरला आत 6.1, मध्ये 7.2, बाहेर 7.4. त्यानंतर दुसऱ्या ठिकाणी बोल्ट तेल मारून, तापवून सोडवले आणि चारही चाकं नीट लावून घेतली. 9,400 ला आत 4.4, मध्ये 5.7, बाहेर 6.3. म्हणजे आतल्या कडेचं जेवढं रबर पहिल्या 2,800 मध्ये गेलं तेवढंच पुढच्या 6,600 मध्ये गेलं. पुढची जोडी सगळीकडे सारखी, 7.7 वरून 6.4.

कायद्याची खूण 1.6 मिमीची असते, पण पावसाचा तो अनुभव घेतल्यावर मी तीनला बदलणार. या वेगाने मागची जोडी एकूण 15,000 च्या आत संपेल. पहिल्या दिवसापासून अलाइनमेंट बरोबर असती तर 18,000 च्या वर गेली असती. आता भावाचा हिशोब: 55 टक्के किमतीच्या टायरने 18,500 किलोमीटर दिले, तर मार्कवाल्या टायरला बरोबरी करायला 33,000 च्या वर चालावं लागेल. या गाडीच्या मागच्या चाकांकडून मी ती अपेक्षा ठेवणार नाही. पैशाच्या बाबतीत निवड चुकली असं म्हणवत नाही. चुकलं ते अलाइनमेंटच्या कागदावर मान डोलावणं.

बाकी किरकोळ. आवाज 6,000 किलोमीटरनंतर वाढला, कापडी छताच्या गाडीत मागून सतत घुं घुं येतो, संगीत थोडं मोठं ठेवतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिला एक किलोमीटर चाकं चौकोनी वाटतात, मग ठीक. आणि या टायरला रिमच्या बाहेर येणारी संरक्षक कड नाही. जुन्याला होती, त्या भरवशावर फुटपाथला घासून गाडी लावायची सवय. पुढच्या उजव्या रिमवर तळहाताएवढा ओरखडा आहे, तो बघितला की अजून चरफडतो.

मागची जोडी पुन्हा हीच मागवतोय, कारण पुढच्या जोडीत अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे आणि दोन आसांवर दोन वेगळी मॉडेल मला नकोत. दुकानदाराला एवढंच सांगून ठेवलंय: टायर आले की रिमवर चढवू नका, आधी त्या चार आकड्यांचा फोटो पाठवा, दोन्हींचा.